कामावर न येणाऱ्या मजुरांना टाटांनी काय दिलं? नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट

कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर दोन दिवस आला आणि तिसऱ्या दिवशी गायब झाला, तर शेतमालकाच्या तोंडून काय निघतं ते गावोगावी माहीत आहे. जिनिंगवाल्याचं तेच, वीटभट्टीवाल्याचं तेच. मजूर टिकत नाही, माणसाला कामाची किंमत नाही, अशी तक्रार पारावर रोज ऐकू येते.

दीडशे वर्षांपूर्वी हीच अडचण नागपुरात एका मिलमालकापुढं उभी राहिली होती. त्याच्याकडं दंड लावायची, पगार कापायची, माणूस हाकलून द्यायची पूर्ण ताकद होती. तेव्हा त्याला अडवणारा कायदाही जवळपास नव्हता. त्यानं वेगळी वाट धरली. त्या मालकाचं नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

टाटा म्हटलं की लोकांना पोलाद, ट्रक, मीठ आणि मुंबईचं ताजमहाल हॉटेल आठवतं. पण माणसांकडून काम कसं घ्यायचं आणि त्याची जाण कशी ठेवायची, हे जमशेदजींनी आपल्या विदर्भाच्या मातीत करून बघितलं.

नवसारीचा मुलगा

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी यांनी पिढीजात भिक्षुकी सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. जमशेदजी लहान वयातच मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत बसले. पुढच्याच वर्षी व्यापारासाठी ते हाँगकाँगला गेले.

१८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली आले. कालचे लखपती रस्त्यावर आले. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. जमशेदजी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. देणेकऱ्यांपासून तोंड लपवण्याऐवजी त्यांनी सगळा हिशेब उघडपणे समोर मांडला. त्या सचोटीवर भरवसा ठेवून देणेकऱ्यांनी हिशेब मिटवायचं काम त्यांच्याच हाती दिलं.

१८६८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढं मुंबईत चिंचपोकळीला बुडीत निघालेली एक तेलाची मिल घेऊन तिची कापडमिल केली, चालवली आणि नफ्यात विकली. मग इंग्लंडमध्ये लँकेशायरला जाऊन कापडाचा धंदा नीट शिकून घेतला.

मुंबई सोडून नागपूर

त्या काळी कापडमिल म्हणजे मुंबई, असं समीकरण होतं. जमशेदजींनी उलटा विचार केला. कापूस पिकतो वऱ्हाडात आणि नागपूरकडं. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचलेली. दगडी कोळसा वरोऱ्याला, म्हणजे जवळच. मग कापूस मुंबईला कशाला न्यायचा? मिलच इथं आणावी.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली. नागपुरात जुम्मा तलावाजवळ जागा घेतली. जागा दलदलीची. गाड्याच्या गाड्या माती टाकून ती भरावी लागली. एका सावकाराकडं पैसे मागितले, तर जो माणूस चिखलात पैसा पुरतोय त्याला कर्ज कोण देणार, म्हणून त्यानं नकार दिला, अशी गोष्ट सांगतात. पुढं मिल चालली तेव्हा त्याच सावकारानं कबूल केलं म्हणे, की टाटांनी मातीत सोनं पुरलं नव्हतं, माती टाकून सोनं काढलं होतं.

१ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस पडलं. नागपूरकर पुढं सव्वाशे वर्षं तिला एम्प्रेस मिलच म्हणत आले.

व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणलं. बेझनजी रेल्वेच्या मालखात्यातले. सूत कसं कातायचं, माग कसा चालतो, याचा त्यांना अनुभव नव्हता. पण माणसं आणि माल दोन्ही शिस्तीत हलवायची सवय होती. यंत्रांच्या कामाला जेम्स ब्रुक्सबी नावाचा इंग्रज जाणकार होता. दोघांवर काम सोपवलं आणि भरवसा ठेवला. जाण ठेवायचं पहिलं पाऊल हेच. ज्याला काम दिलं, त्याला ते करू द्यायचं.

पहिल्याच वर्षी संप

सुरुवात काही गोड झाली नाही. पहिली यंत्रं स्वस्तातली निघाली, सूत बरोबर येईना. ती बदलावी लागली. आणि पहिल्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला. देशातल्या कारखान्यांच्या इतिहासात नोंद झालेल्या अगदी सुरुवातीच्या संपांमध्ये या संपाचं नाव घेतात.

ही गोष्ट झाकून पुढं जाता येत नाही. मालक कितीही भला असो, मजुरीचा दर परवडला नाही तर माणूस माग बंद करून उभा राहतो. पोटाचा प्रश्न गोड बोलण्यानं सुटत नाही. नागपूरच्या कामगारांनी हे पहिल्याच वर्षी दाखवून दिलं.

दुसरी अडचण रोजची होती. मिलमध्ये आलेली माणसं बहुतेक हातमागावरची आणि शेतीतली. नागपूरचे कोष्टी विणकर होते, महार समाजातली माणसंही नागपूरच्या मिलांत मोठ्या संख्येनं आली. यातल्या कुणालाच भोंग्याची सवय नव्हती. शेतातलं काम सूर्यावर आणि पावसावर चालतं. हातमागवाला आपल्या घरात, आपल्या वेळेनं विणतो. मिलमध्ये मात्र भोंगा वाजला की आत, आणि दिवस मावळेपर्यंत उभ्यानं काम. विजेचे दिवे नव्हते, म्हणून कामाचे तास उजेड असेल तितके. उन्हाळ्यात दिवस मोठा, मग कामही मोठं.

त्यामुळं हातात चार पैसे आले की माणूस घरी बसायचा. पोळा आला, पेरणी आली, नात्यात लग्न निघालं की गावाकडं निघून जायचा. रोज पटावरच्या माणसांपैकी जवळपास पाचवा हिस्सा गैरहजर असायचा. माग रिकामे, चात्या थांबलेल्या आणि बॉयलरमधला कोळसा मात्र जळतोच आहे.

दंडाऐवजी बक्षीस

तेव्हाच्या मिलांमधला ठरलेला उपाय म्हणजे दंड. उशीर झाला, पैसे कापा. खाडा झाला, पगार अडकवून ठेवा. पगार महिना महिना मागं ठेवायची रीत होती, म्हणजे माणूस पळून जाऊ नये.

जमशेदजी आणि बेझनजींनी बक्षीस समारंभ सुरू केला. चांगलं काम करणाऱ्या, नेमानं येणाऱ्या कामगाराला सगळ्यांसमोर बोलावून मान द्यायचा. कुणाला घड्याळ, कुणाला कडं, कुणाला रोख रक्कम, कुणाला कापड. घरच्या माणसांसकट कार्यक्रम. खेळांच्या स्पर्धाही ठेवल्या जात.

ज्या माणसाला गावात कुणी नावानं हाक मारत नव्हतं, मुकादमाच्या वहीत जो फक्त एक आकडा होता, त्याचं नाव भर मंडपात पुकारलं जायचं. बायको बघते आहे, पोरं बघताहेत, शेजारचा मागवाला बघतो आहे. घड्याळाची किंमत दुकानात काय असेल ती असो, त्या मंडपात ती वेगळीच व्हायची.

यात आणखी एक शहाणपण होतं. बक्षीस कशासाठी मिळालं ते सगळ्यांना समजायचं. नेमानं आला म्हणून, सूत चांगलं काढलं म्हणून. मालकाच्या पुढं पुढं केलं म्हणून मिळालं असतं, तर बाकीच्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या. कारण स्पष्ट असलं की बक्षीस न मिळालेल्यालाही वाटतं, पुढच्या साली आपण.

बक्षिसाची हद्द

पण बक्षिसाला एक मर्यादा असते. ते धडधाकट माणसाला मिळतं. ज्याचा हात चालतो, ज्याचे डोळे शाबूत आहेत, जो रोज येऊ शकतो, त्याला.

मिलमध्ये पट्ट्यांवर फिरणारी चाकं उघडी असत. धोतराचा सोगा अडकला की माणूस आत ओढला जाई. बोटं जात, हात जात. म्हातारपण आलं की तुटलेला धागा दिसेनासा होई. अशा माणसानं पंचवीस वर्षं कंपनीसाठी काढली असली, तरी त्या काळच्या रीतीप्रमाणं त्याचा हिशेब तिथंच संपायचा. पुढं पोरांनी पोसलं तर पोसलं.

कामगारांनाही ही गोष्ट डाचत होती. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत मिल कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या साध्या होत्या. रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. आणि कामावर असताना इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार चालू राहावा, कायमचा पंगू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. १८८१ च्या कारखाना कायद्यानं यातलं काहीच दिलं नव्हतं. तो कायदा मुख्यतः लहान पोरांच्या कामाबद्दल होता.

म्हणजे कामगाराला काय हवं आहे, हे कामगार स्वतःच सांगत होता. ऐकणारे मालक थोडे होते.

पेन्शन आणि नुकसानभरपाई

एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला. कारखान्यात राबलेल्या माणसाला म्हातारपणी हातात काही पडावं, ही त्यामागची सोय. १८९५ मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई द्यायची व्यवस्था झाली. प्रॉव्हिडंट फंडही तिथं सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी आला.

कायद्याच्या तारखा शेजारी ठेवून बघितल्या की फरक कळतो. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. नागपूरची मिल अपघाताच्या बाबतीत कायद्याच्या २८ वर्षं पुढं होती.

इथं जमशेदजींच्या आभार मानण्याची खरी पारख होते. बक्षीस समारंभात टाळ्या मिळतात, मालकाचंही नाव होतं. पेन्शन देताना टाळ्या नसतात. तो म्हातारा आता मिलच्या कामाचा राहिलेला नाही, त्याच्याकडून पुढं काही मिळणार नाही. तरीही त्याला पैसे द्यायचे, कारण त्यानं आधी दिलेलं आहे. उपयोग संपल्यावरही जी जाण उरते, तीच खरी. आणि ती मालकाच्या मर्जीवर सोडली तर एक दिवस मर्जी फिरते. म्हणून ती फंडात बांधली.

डोक्यावरचं छप्पर, नाकातली हवा

कामगाराची किंमत मिलच्या इमारतीतही दिसली. कापडमिलमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. नागपूरचा उन्हाळा, वरून बॉयलरची धग. एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवायची यंत्रं आणि आग विझवायला आपोआप पाणी सोडणारे नळ बसवले. देशात असं आधी फारसं कुठं नव्हतं. दमट हवेत धागा कमी तुटतो, म्हणजे मिलचा फायदा होताच. पण धुळीतला श्वासही थोडा सुसह्य होतो. जुन्या यंत्रांच्या जागी रिंग स्पिंडल आणले, तेव्हा लँकेशायरचे मिलवालेसुद्धा त्यांच्याकडं वळायला कचरत होते. शिकलेल्या तरुणांना भत्ता देऊन उमेदवारीत घ्यायची रीतही सुरू केली.

हे सगळं जमशेदजींनी धर्मादाय म्हणून केलं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. ते पक्के व्यापारी होते. कामगाराचं आरोग्य आणि भलं झालं तर धंदाही पक्का होतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. उपकाराचं ओझं कामगाराच्या डोक्यावर ठेवलं नाही, हेही त्यात आलं.

कुर्ल्याची पडकी मिल

१८८६ मध्येच त्यांनी मुंबईजवळ कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली. नाव ठेवलं स्वदेशी. ती मिल म्हणजे आजारी बैल निघाला. यंत्रं मोडकी, माल खराब, वर शेअरचा भाव घसरलेला. लोक म्हणू लागले, टाटा या वेळी फसले. जमशेदजींनी ती सावरायला स्वतःचा पैसा ओतला, एम्प्रेसचे आपले शेअर विकले. आणि नागपूरहून तयार झालेली अनुभवी माणसं मदतीला आणली.

नागपुरात दहा वर्षं जी माणसं घडवली, सांभाळली, ती अडचणीच्या वेळी उपयोगाला आली. स्वदेशी मिल पुढं उभी राहिली.

न बघितलेलं गाव

आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना होता. १९०२ मध्ये परदेशातून त्यांनी मुलगा दोराबजी याला पत्र लिहिलं. कारखाना कुठं होणार हेही तेव्हा ठरलं नव्हतं. पण कामगारांची वस्ती कशी असावी, हे त्यांनी आधी कळवलं. रस्ते रुंद ठेवायचे, लवकर वाढणारी सावलीची झाडं लावायची, हिरवळीला आणि बागांना भरपूर जागा सोडायची, फुटबॉल आणि हॉकीची मैदानं ठेवायची, आणि देऊळ, मशीद, चर्च यांना जागा राखायची, असा त्या पत्राचा आशय.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नॉहाइम या गावी जमशेदजी वारले. कारखाना त्यांनी बघितला नाही. जागा ठरली १९०७ मध्ये, साकची नावाच्या खेड्याजवळ. तिथं जी नगरी उभी राहिली, तिला १९१९ मध्ये जमशेदपूर नाव मिळालं. तिथल्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस सुरू झाला. देशातला कायदा त्याच्या बराच मागं होता.

नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. खाली गाड्या लावून वर सिनेमाला जाणाऱ्या पोरांना इथं कधी भोंगा वाजायचा हे माहीतही नसतं. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या भोंग्यावर उठायचे, अशी घरं मात्र नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत अजून आहेत.

गावातल्या मालकांसाठी

आज गावात कुणी सोसायटीचा सचिव आहे, कुणी डेअरीचा चेअरमन, कुणी जिनिंग चालवतो, कुणी शाळेचा मुख्याध्यापक, कुणाकडं दोन सालगडी आहेत. मोठी मिल कुणाकडंच नाही. पण एम्प्रेस मिलच्या गोष्टीतलं बरंचसं परवडण्यासारखं आहे.

पहिलं म्हणजे मजुरी वेळेवर आणि पुरती. १८७७ चा संप हेच सांगतो. मजुरी थकवून दिवाळीला मिठाईचा पुडा दिला, तर तो पुडा माणसाच्या घशाखाली उतरत नाही. मग चार लोकांसमोर नाव घेऊन, कशासाठी ते सांगून केलेलं कौतुक. त्याला पैसा लागत नाही, फक्त कोण काय करतो त्यावर लक्ष लागतं. सचिवाला आपल्या डेअरीत पहाटे चारला कोण येतं हेच माहीत नसेल, तर तो कौतुक तरी कुणाचं करणार?

आणि शेवटी, जो आता काम करू शकत नाही त्याची आठवण. फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर, थ्रेशरमध्ये हात गेलेला गडी, वीस वर्षं राबून कंबर मोडलेला सालगडी. त्याच्या नावानं विम्याचा हप्ता कुणी भरला होता का? दवाखान्याचं बिल कुणी उचललं? नागपूरच्या त्या मिलनं १८९५ मध्ये याचं उत्तर नियम करून लिहून ठेवलं होतं. आपल्याकडं ते अजून मालकाच्या तोंडाकडं बघून ठरतं.